हंबोल्ट आडनावाचे पाहुणे

जळगावात एप्रिल संपत आला की माणसं एकमेकांना दोनच गोष्टी विचारतात: आज भुसावळला किती होतं, आणि कूलरच्या ताट्या बदलल्या का. यंदा त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली. रावेरहून सुट्टीला आलेल्या माझ्या आठ वर्षांच्या भाचीने दारात चपला काढता काढताच विचारलं, "मामा, पेंग्विनकडे कधी जायचं?" जणू ते गणेश कॉलनीत भाड्याने राहतात आणि सायकलवर टांग मारली की झालं.

दोन दिवसांनी रात्री आम्ही अमरावती एक्स्प्रेसची वाट बघत जळगाव स्टेशनच्या फलाटावर उभे होतो. भाची, तिचा बारा वर्षांचा भाऊ, मी आणि दाजी. दाजींची केळीची मोठी रक्कम वाशीच्या एका व्यापाऱ्याकडे अडकली होती, म्हणून ते आले होते. पेंग्विन हे त्यांच्या लेखी जाता जाता उरकायचं काम होतं. ताईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळ्याचे वेफर्स इतके बांधून दिले होते की आम्ही मुंबईला नाही, पेरूलाच निघालोय असं वाटावं. रात्रीचे अकरा वाजले तरी बाकाचा दगड खालून भाजत होता.

"येवढ्या गरमीत ते पक्षी मुंबईले जगतात कसे?" दाजींनी विचारलं.

"एसीत ठेवलेत."

"मंग आपण काय पाप केलं?"

गाडी आली म्हणून उत्तर द्यायचं राहिलं.

पहाटे दादरला उतरून स्लो लोकल धरली. परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा. स्टेशनच्या पूर्वेला थोडं चाललं की वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पाटीवर ते नाव, तोंडी मात्र राणीची बाग. १८६२ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावाने खुली झालेली ही बाग आधी झाडांची, प्राणी नंतर आले. त्यामुळे आत शिरल्यावर पहिली जाणवते ती सावली. खानदेशातून आलेल्या माणसाला सावलीचं अप्रूप जास्त. दाजी एका जुन्या झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवत राहिले आणि मुलं पुढे पळाली. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. तो इंग्लंडला न्यायचा बेत होता, उचलताना तो फुटला, म्हणून इथे राहिला. परदेशी जायचं हुकलेला हत्ती आणि परदेशाहून आलेले पेंग्विन एकाच आवारात आहेत, हे मी भाच्याला सांगितलं. त्याने ऐकलं नाही.

काचेमागे सोळा ते अठरा अंश तापमान ठेवलेलं असतं. काचेला नाक लावलं की नाक गार पडतं, हा शोध भाचीचा. मीही लावून पाहिलं. समोर साधारण दोन फूट उंचीचा, चार-पाच किलोंचा पक्षी खडकावर उभा होता. पाठ काळी, पोट पांढरं, छातीवर घोड्याच्या नालासारखा काळा पट्टा. पोटावर काळे ठिपके, प्रत्येकाचे वेगळे. चोचीच्या मुळाशी आणि डोळ्याभोवती मात्र गुलाबी, उघडी कातडी. पंख मिटलेले नव्हते, उघडलेलेही नव्हते. घाईत खिशातले हात बाहेर काढलेल्या माणसासारखे थोडे अंगापासून लांब धरलेले. मग तो खडकाच्या कडेपर्यंत डुलत आला, थांबला, खाली वाकून पाणी न्याहाळलं, पुन्हा मागे सरकला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मागून आलेल्या दुसऱ्याचा धक्का लागला आणि तो पडलाच. पाण्यात गेल्यावर मात्र तो वेगळाच पक्षी झाला. जमिनीवरचा सारा गबाळेपणा गेला आणि काचेला लागून एक काळीपांढरी रेघ सणकन निघून गेली.

"उडाला!" भाची ओरडली. आणि ते खरंच होतं. पेंग्विन पाण्यात पोहताना पंखच मारतात. हवेऐवजी पाणी कापतात एवढंच.

हे पक्षी इथे आले २०१६ च्या जुलैमध्ये, दक्षिण कोरियातल्या सोलच्या मत्स्यालयातून. आले तेव्हा आठ होते. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांतली डोरी नावाची मादी जिवाणूसंसर्गाने गेली. लोकांसाठी कक्ष २०१७ च्या मार्चमध्ये उघडला. २०१८ च्या १५ ऑगस्टला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं आणि आठवडाभरातच ते दगावलं. नंतरची पिल्लं जगली, घर वाढत गेलं. मधल्या काळात या पक्ष्यांच्या खर्चावरून जे राजकारण झालं ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. राजकारण्यांना मारायच्या टोमण्यांमध्ये 'पेंग्विन' हा शब्द कायमचा जाऊन बसला, त्यात पक्ष्यांचा काही दोष नव्हता. २०२५ साली नव्या पिल्लांची नावं नॉडी, टॉम आणि पिंगू ठेवली, तेव्हा मुंबईत जन्मलेल्यांना मराठी नावं का नाहीत म्हणून आंदोलनही झालं.

भाचीला यातलं फक्त नावांचं प्रकरण महत्त्वाचं वाटलं. पोपाय, ऑलिव्ह, डोनाल्ड, डेझी, बबल, फ्लिपर, मोल्ट. तिने सगळी बोटांवर मोजली. मग माहितीच्या फलकावर 'हंबोल्ट पेंग्विन' वाचलं आणि निकाल दिला, "म्हणजे हंबोल्ट हे यांचं आडनाव."

एका अर्थाने बरोबरच आहे. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन प्रवाशाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाहणारा थंड सागरी प्रवाह मोजला. प्रवाहाला त्याचं नाव मिळालं आणि प्रवाहावर जगणाऱ्या पक्ष्यालाही. हंबोल्ट पेंग्विनचं मूळ घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर आहे, आणि त्या किनाऱ्याला लागून काय आहे? वाळवंट. अटाकामासारखं, वर्षानुवर्षं पावसाचा थेंब न पडणारं. बर्फ नाही, हिमनग नाही. आम्ही सगळे इयत्ता पहिलीपासून पेंग्विन म्हटलं की बर्फ रंगवत आलो. मीही हा पक्षी थंडीचा म्हणूनच बघायला आलो होतो. खरं तर तो उन्हात घर करतो आणि थंड पाण्यात पोट भरतो. ती गुलाबी कातडी त्यासाठीच: अंगातली उष्णता तिथून बाहेर टाकायची. दाजींना हे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा काचेकडे नीट पाहिलं. "म्हंजे आपल्यासारखाच. ऊन सोसणारा."

पेंग्विनच्या साधारण अठरा जाती मानतात आणि त्या झाडून दक्षिण गोलार्धातल्या. एकट्या गॅलापागोस पेंग्विनचं घर विषुववृत्तावर असल्याने तो तेवढा थोडा उत्तरेला डोकावतो. खुद्द अंटार्क्टिकाच्या भूमीवर घर करणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीचे न्यूझीलंडच्या जंगलात, ऑस्ट्रेलियाच्या वाळूत, आफ्रिकेच्या झुडपांत, फॉकलंडच्या गवतात. सर्वांत मोठा सम्राट पेंग्विन, वजन तीस-चाळीस किलोंपर्यंत. सर्वांत लहान तो छोटा पेंग्विन, किलोभराचा, घरच्या कोंबडीहूनही हलका. यांतल्या निम्म्याहून जास्त जाती आज धोक्याच्या यादीत आहेत. हंबोल्ट त्या यादीत 'असुरक्षित' या रकान्यात आहे. निसर्गात विणीच्या वयाचे पक्षी चोवीस हजारांच्या आत-बाहेर उरलेत. रावेर शहराची लोकसंख्या याहून जास्त.

तर या वाळवंटी पक्ष्याची वाट कशाने लागली? दाजी इथे कान टवकारून ऐकायला लागले, कारण उत्तर होतं खत.

पेरूच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर पाणकावळे, बूबी आणि पेलिकन लाखोंनी बसतात. त्यांची विष्ठा हजारो वर्षं साचत गेली. पाऊसच नाही, त्यामुळे ती धुऊन जायचा प्रश्न नव्हता आणि तिच्यातलं नत्र जसंच्या तसं राहिलं. कुठे कुठे थर दहा मजली इमारतीइतका उंच. स्थानिक केचुआ भाषेतल्या शब्दावरून त्याला 'ग्वानो' म्हणतात. इंका राजवटीत या पक्ष्यांना मारणाऱ्याला देहदंड होता अशी नोंद आहे. शेतकऱ्याचं राज्य होतं, त्यांना किंमत माहीत होती. १८४० च्या सुमाराला युरोपला या खताचा पत्ता लागला. पुढच्या चाळीस वर्षांत पेरूने एक कोटी टनांहून जास्त ग्वानो जहाजांत भरून विकलं. चीनमधून फसवून आणलेले मजूर त्या धुळीत राबले आणि मेले. चिंचा बेटांच्या मालकीवरून स्पेनने आणि पेरूने १८६० च्या दशकात युद्ध केलं. खतासाठी युद्ध!

हंबोल्ट पेंग्विन याच थरात बीळ करून अंडी घालायचा. आत सावली, गारवा, गिधाडांपासून आडोसा. थर खरवडून खालचा खडक उघडा पडला आणि पेंग्विनची घरंच गोणीत भरून गेली. आता जिथे थर नाही तिथे तो कपारीत, गुहेत, नाही तर उघड्यावर अंडी घालतो. उघड्यावरची अंडी उन्हात भाजतात, समुद्री पक्षी पळवतात. पेरूने अलीकडे, २००९ मध्ये, अशा तेहतीस बेटांचं आणि भूशिरांचं राखीव क्षेत्र केलं; ग्वानो अजून काढतात, पण पाळीपाळीने, नजर ठेवून.

"गोऱ्याच्या बटाट्यासाठी याचं घर खोदलं म्हन," दाजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बाकी खत भारीच असेल." शेतकऱ्याचा हिशोब दोन्ही बाजूंनी चालतो. आमच्याकडे एका केळीच्या खोडाला नत्र, स्फुरद, पालाश किती ग्रॅम आणि कोणत्या महिन्यात, हे दाजी झोपेतही सांगतील. पोटॅशची गोणी कुठल्या देशातून येते आणि तिथे काय खोदलं जातं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. माझ्याही आला नव्हता.

दुसरा धोकाही दाजींच्या ओळखीचा निघाला. एल निनो. गावात ज्याला पॅसिफिक महासागर नकाशावर दाखवता येणार नाही तोही आता जूनमध्ये पारावर बसून 'औंदा एल निनो हाये का' विचारतो. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा हा शब्द आमच्या कापसाने आणि मक्याने चांगला लक्षात ठेवला. पण शब्द मूळचा पेरूच्या कोळ्यांचा. नाताळच्या सुमाराला समुद्राचं पाणी कोमट होतं आणि मासळी गायब होते, म्हणून त्याला त्यांनी 'बाळ', म्हणजे बाळ येशू, म्हटलं. खोलातलं थंड, पोषक पाणी वर यायचं थांबतं. अँकोव्ही या लहान माशांच्या झुंडी दूर किंवा खोल जातात. पेंग्विनचे आईबाप उपाशी राहतात, मग घरटं सोडून समुद्रात निघून जातात. त्यातच वाळवंटात अवेळी पाऊस कोसळून बिळं बुडतात. १९८२-८३ च्या एल निनोत पेरूतले निम्म्याहून अधिक हंबोल्ट पेंग्विन संपले. भारतात त्याच १९८२ मध्ये पावसाने दगा दिला होता. एकाच कोमट पाण्याने तिकडे बिळं बुडवली आणि इकडे विहिरी आटवल्या.

उरलेली अँकोव्हीही सगळी पेंग्विनच्या वाट्याला येत नाही. तिची वाळवून भुकटी होते आणि ती जगभर कोंबड्यांना, डुकरांना, कोळंबीला खाऊ घालतात. त्यातून चिलीच्या किनाऱ्यावर हंबोल्टच्या राखीव बेटांजवळ खाण आणि बंदर उभारायच्या प्रकल्पावरून कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत. आपल्याकडच्यासारख्याच. निकाल लागतो, फिरतो, पुन्हा लागतो.

परतीच्या गाडीत मुलं झोपली नाहीत. मग मी त्यांना आफ्रिकेच्या पेंग्विनची गोष्ट सांगितली. हा हंबोल्टचा चुलतभाऊ, दिसायलाही तसाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांच्या वर असावेत. आता दहा हजारांहून कमी जोड्या उरल्या, आणि २०२४ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं गेलं, नष्ट होण्याच्या अलीकडची शेवटची पायरी. तिथेही आधी ग्वानो खरवडलं, मग अंडी. पेंग्विनची अंडी केप टाउनच्या हॉटेलांतून पदार्थ म्हणून मिळत, १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत. आता भांडण आहे सार्डिन आणि अँकोव्हीचं. २०२५ च्या मार्चमध्ये कोर्टात तडजोड होऊन सहा वसाहतींभोवती दहा वर्षं जाळी टाकायला बंदी आली.

पण मुलांना आवडली ती २००० सालची हकीकत. त्या जूनमध्ये ब्राझीलहून चीनला लोहखनिज नेणारं 'ट्रेझर' नावाचं जहाज केप टाउनजवळ बुडालं. एका बाजूला डॅसेन बेट, दुसऱ्या बाजूला रॉबेन, तेच, जिथे मंडेला कैदेत होते. दोन्हीकडे पेंग्विनच्या मोठ्या वसाहती. जहाजातलं तेल पसरलं. तेलाने माखलेला पेंग्विन थंडीने मरतो, कारण पिसांमधला हवेचा थर जातो. एकोणीस हजार पक्षी माखलेले. जगभरातून हजारो माणसं आली. एकेक पक्षी धरायचा, हाताने भरवायचा, साबणाने धुवायचा. आणि जे अजून स्वच्छ होते त्यांचं काय? त्यांना पकडून ट्रकमध्ये घातलं आणि सुमारे आठशे किलोमीटर पूर्वेला पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडलं. साडेएकोणीस हजार पेंग्विन! अंदाज असा की ते पोहत घरी परततील, आणि तेवढ्या दिवसांत घर धुऊन होईल. तिघांच्या पाठीला यंत्र लावून उपग्रहावरून पाहत होते. पीटर, पॅमेला आणि पर्सी. दोन-तीन आठवड्यांत ते घरी आले.

"आणि घर स्वच्छ झालं होतं?" भाच्याने विचारलं.

"बऱ्यापैकी."

"त्यांना रस्ता कुणी सांगितला?"

इगतपुरी आलं होतं. मी म्हटलं, झोपा आता.

मला स्वतःला त्या रात्री झोप लागली नाही ती सम्राट पेंग्विनमुळे. तो खरा बर्फाचा. जमिनीवर नाही, बहुतेक ठिकाणी किनाऱ्याला चिकटलेल्या गोठलेल्या समुद्रावर तो पिल्लं वाढवतो. त्याच्या वसाहती शास्त्रज्ञ उपग्रहाच्या छायाचित्रांत शोधतात, आणि ओळख काय? पांढऱ्या बर्फावरचे तपकिरी डाग. म्हणजे पुन्हा विष्ठाच. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींचे डाग वेळेआधी पुसले गेले. खालचा बर्फ फुटला होता. पिल्लांच्या अंगावर तेव्हा नुसती लव असते, तिच्यातून पाणी आत जातं. पोहण्याची पिसं यायला काही आठवडे कमी पडले. हजारो पिल्लं गेली, आणि तिथे बघायला एकही माणूस नव्हता, डाग मोजणारे तेवढे होते.

मेच्या मध्याला एका लग्नासाठी नवापूरला जावं लागलं. जळगावहून सुरतेच्या पॅसेंजरने अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. नंदुरबारच्या बाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या रिकाम्या झाल्या होत्या, तरी डब्यात कुणीतरी शिंकलंच. नवापूरचं स्टेशन गमतीचं आहे: राज्याची हद्द फलाटावरून जाते. एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात, मीही काढला.

पण नवापूर देशाच्या इतिहासात गेलं ते बाकामुळे नाही. १८ फेब्रुवारी २००६ ला भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक इथे जाहीर झाला, एच-५-एन-१ या विषाणूचा. थोड्या दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुरल्या. पांढरे पोशाख, तोंडाला मुसकी, जेसीबीने खणलेले खड्डे. कोरोनाच्या चौदा वर्षं आधी ही चित्रं खानदेशाने पाहिली होती. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातल्या गावांतही निघाला. आमच्या गावी आजीच्या सहा गावठी कोंबड्या होत्या. रोग आमच्या गावात आला नव्हता, पण भीती आली होती. आजीने त्या आठ दिवस न्हाणीघरात कोंडून ठेवल्या आणि घरातल्या माणसांना आंघोळीला विहिरीवर पाठवलं. २०२१ मध्ये नवापूरला रोग पुन्हा आला, पुन्हा खड्डे खणले गेले. लग्नातल्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ कोंबड्यांचा व्यवसाय करणारे होते. त्यांनी दोन्ही वेळचं नुकसान मला आकड्यांसकट सांगितलं आणि मग म्हणाले, "पण पहिल्या वेळेस जो आवाज बंद झाला ना शेडमधला... ती शांतता लई वाईट."

त्याच विषाणूच्या घराण्यातला एक नवा वंशज २०२२ च्या शेवटी रानपक्ष्यांबरोबर उत्तर अमेरिकेतून पेरूच्या किनाऱ्यावर उतरला. पेलिकन हजारोंनी मेले, मग समुद्रसिंह, आणि २०२३ मध्ये चिलीतले हंबोल्ट पेंग्विन. त्या ऑक्टोबरमध्ये तो साउथ जॉर्जियाच्या बेटांवर पोचला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. आपल्या तालुक्याचं नाव ज्या रोगाने देशभर झालं तो आता दक्षिण ध्रुवाकडे गेलाय, हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी जिलेबीचं ताट पुढे सरकवलं. "तिथं कोण पंचनामा करतं?"

परतताना मी वाकडी वाट करून शहाद्याला गेलो. पेंग्विन बघायला आपण सहा-सात तास रेल्वेने जातो. घरापासून त्याहून जवळ असलेला एक पक्षी मी पन्नाशीला आलो तरी पाहिला नव्हता, याची लाज भायखळ्यापासून सोबत होती. रानपिंगळा. हे छोटं घुबड १८७३ मध्ये शास्त्राला कळलं. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर ते कुणालाच सापडलं नाही. मधे कर्नल माइनर्ट्झहागेन नावाच्या बड्या पक्षितज्ज्ञाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला एक मिळाल्याचा दावा केला होता, आणि लोक त्या दाव्यामागे चुकीच्या ठिकाणी शोधत फिरले. तो नमुना डेव्हिडसनचाच होता: संग्रहालयातून चोरलेला, आतलं भरण बदललेला, नवी चिठ्ठी लावलेला. पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने ही चोरी उघडी पाडली, मांडवी सोडून जुन्या अस्सल नोंदींच्या मागे ती खानदेशात आली आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला सहकाऱ्यांसोबत शहाद्याजवळच्या पायथ्याच्या रानात तिला रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

नंतर तो मेळघाटात, यावलच्या अभयारण्यात आणि आणखी काही ठिकाणी सापडला. तरी विणीच्या वयाचे हजारभरही नसावेत असा अंदाज आहे, म्हणजे हंबोल्टच्या चोविसाव्या हिश्श्याहून कमी. धोका इथे तेलाचा नाही, कुऱ्हाडीचा आणि नांगराचा आहे. तळोद्याचं हजारो हेक्टर रान सरदार सरोवराच्या विस्थापितांना जमीन देण्यासाठी गेलं. ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं त्यांनी जायचं कुठे, याचं उत्तर पक्षी मोजणाऱ्यांकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नाही.

शहाद्याचा माझा एक शिक्षक मित्र मला पहाटे तोरणमाळच्या रस्त्याला घेऊन गेला. वाटेत बैल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कथा चालनात भाऊ?" मित्र म्हणाला, घुबड बघायला. म्हाताऱ्याने आम्हा दोघांकडे काळजीने पाहिलं.

मेमधला साग पूर्ण निष्पर्ण. साडेसातच्या सुमाराला मित्राने कोपर दाबलं. उघड्या फांदीवर, भर उन्हात, टीचभर उंचीचा राखाडी-तपकिरी पक्षी बसला होता. डोकं सपाट, साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर असतात तसे ठिपके नाहीत. पाय मात्र अंगाच्या मानाने दांडगे, पांढऱ्या पिसांची विजार घातल्यासारखे. त्याने शेपटी डावी-उजवीकडे झटकली, मान फिरवून आमच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी बघितलं, आणि आम्ही बघण्यासारखे नाही असं ठरवून खाली जमिनीकडे नजर लावली. मिनिटभराने तो दगडासारखा पडला. वर आला तेव्हा नखांत सरडा होता, अजून वळवळणारा. दुसऱ्या फांदीवर बसून त्याने तो चोचीने दोनदा ओढला आणि सागांच्या मागे उडून गेला.

रेंज आल्यावर मी रावेरला फोन लावला. भाचीनेच उचलला.

"काच होती का?"

"नाही."

"तिकीट?"

"तेही नाही."

"नाव काय ठेवलंय त्याचं?"

"रानपिंगळा."

"ते तर आडनाव झालं, मामा. नाव?"